पाइपांत आता पाणी नाही

ग्लेब,

घर गारठलेलं असेल, पण ते तापवणारे पाइप शाबूत आहेत. काल प्लंबरने सगळं पाणी काढून त्यांत न गोठणारं द्रावण भरलं. बॉयलर पेटवलास तर आच हळूहळू वाढव. दाबाचा काटा एकच्या खाली आला, तर सवयीने नळ सोडू नकोस. पाण्याने द्रावण पातळ होतं आणि मग थंडीत गोठतं. शेडमधल्या निळ्या कॅनमधलंच घाल.

पाणी जिथून गळत नव्हतं तिथूनही हे गळतं. खिडकीखालच्या रेडिएटरला पातेलं लावलंय. द्रावण चवीला गोड असतं, पण विष आहे. कुत्रा शेजारी क्लावामावशींकडे आहे. आणलास तर त्याला त्या खोलीत जाऊ देऊ नकोस.

तीस वर्षं पाण्यावर चाललं, आताच काय अडलं, असं म्हणशील. तीस वर्षं तुझी आई त्या बॉयलरला कोळसा घालत होती. आग विझली की पाणी गोठून पाइप फुटतील, म्हणून हिवाळ्यात ती एका लग्नालाही गावाबाहेर गेली नाही. तिला पुरायला गोठलेल्या जमिनीवर दोन दिवस टायर जाळले, तेव्हा कुठे कुदळ चालली. साहेब सोडत नाहीत, असं तू फोनवर म्हणालास. येगोर तुझ्याच गॅस-विहिरीवरून आला आणि त्याने खांदा दिला.

त्यानंतर नऊ दिवस कोळसा मी घातला. आता आपल्या लेकीला, उल्यानाला घेऊन ओम्स्कला ताईकडे चाललेय.

तू पुढच्या पाळीला खुशाल जा. घरात कोणी नसलं तरी चालतं आता.

राया