टर्बो गरुडाची आई

३ जून २०२५. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. बायकोला, सुशीलालाही सांगितलेलं नाही. वही जुन्या पंचांगांच्या खाली ठेवणार.

बातमी मोठी आहे. काल माधापूरच्या एका कार्टून कंपनीशी करार झाला. टर्बो गरुडा नावाचा त्यांचा एक उडणारा नायक आहे. टीव्हीवर, दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, सगळीकडे तोच. त्याच्यावर मराठीत मुलांसाठी कादंबरी हवी आहे. पात्र कंपनीचं, परवानगी कंपनीची, पानं ऐंशी, लिहिणार मी. चाळीस वर्षं मी लेखक आहे हे फक्त मला माहीत होतं. आता कंपनीलाही कळलं. तिथल्या मेघनाची आई आणि सुशीला एकाच भजनी मंडळात आहेत, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

करार चौदा पानी. वाचला नाही. एकतीस वर्षं कोर्टात पक्षकारांना वाचून सही करा असं बजावण्यात गेली. इतकं बजावल्यावर स्वतः वाचायची गरज उरत नाही.

५ जून
वाचक मंडळात गेलो. आबिड्सला पोस्टाच्या मागच्या गल्लीत, पहिला मजला. तिथे काचेचं कपाट आहे. मंडळाच्या ज्या सभासदाचं पुस्तक निघालं त्याचं पुस्तक त्यात जातं, आणि वार्षिक दिवशी तो पहिल्या ओळीत बसतो. नव्याने कपाटात आलेला समई लावतो. बाकीचे खुर्च्या मांडतात. मी तेवीस वर्षं मांडतो आहे. लोखंडी, घडीच्या, चौसष्ट.

अध्यक्ष नामदेवराव. त्यांचं पुस्तक 'गच्चीवरची भाजी', तिसरी आवृत्ती. त्याला साहित्य म्हणायचं तर रेल्वेच्या टाइमटेबललाही म्हणावं लागेल. त्यांना करार सांगितला. ते म्हणाले, छान झालं उमरीकर, नाव मुखपृष्ठावर असेल ना, नियम तुमचाच आहे.

आहेच माझा. तीन वर्षांपूर्वी मंडळातल्याच हर्षदचा एक लेख कुणाच्या तरी संग्रहात आला आणि तो कपाटाकडे बघायला लागला. मी ठराव मांडला की नाव मुखपृष्ठावर छापलेलं हवं. पास झाला. तत्त्वाचा प्रश्न होता.

२१ डिसेंबरला मी एकाही खुर्चीला हात लावणार नाही.

९ जून
कंपनीकडून बायबल आलं. तसंच म्हणतात ते. बेचाळीस पानं, टर्बो गरुडा काय करतो आणि काय करत नाही याची. तो रागवत नाही. जेवत नाही. मुखवटा काढत नाही. त्याच्याबरोबर चिप्पी नावाची यंत्राची खार असते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याने म्हणायचं, पंख पसर, डर विसर.

रागवत नाही, जेवत नाही, बोलतो एकच वाक्य. आमचा फ्रिज बरा, तो निदान उन्हाळ्यात कण्हतो.

निश्चय: या फ्रिजला माणूस करायचं. रोज पहाटे पाचला उठून हजार शब्द. महिनाअखेर कादंबरी पूर्ण.

१० जून. सकाळी ८.१५
गजर पाचला झाला. ऐकला. विचारात होतो.

२४ जून
पहिलं प्रकरण पूर्ण. दोन आठवडे लागले, पण असली गोष्ट घाईने होत नाही. टर्बो गरुडा काचीगुडा स्टेशनच्या बाकावर बसला आहे. त्याला गेलेली आई आठवते. तिच्या हातची खट्टी दाल आठवते. अकरा पानं तो बसलेलाच आहे. खार आदराने गप्प आहे. खलनायक अजून आलेला नाही, खलनायक कुणीही आणतं.

शेवटचं पान लिहिताना डोळे भरून आले. माझी आई मी कोर्टातून येईपर्यंत जेवायची नाही. पण हे कादंबरीतल्या आईविषयी आहे.

२७ जून
मेघनाचा फोन. म्हणाली, अंकल, खूप हेवी झालं, आणि गरुडाला आई नाहीये, तो लॅबमध्ये बनलाय. मी म्हणालो, आई सगळ्यांना असते. ती म्हणाली, सिस्टममध्ये नाही अंकल.

मग कळलं की तिने दोनच पानं वाचलीत. मराठी घरी बोलते, समजतं सगळं, पण वाचायला वेळ लागतो, जोडाक्षर आलं की गाडी अडते. म्हणजे तिचा आक्षेप दोन पानांवर उभा आहे. असल्या पुराव्यावर कोर्ट तारीखसुद्धा देत नाही.

शेवटी असं ठरलं की मी लिहायचं, सुशीलाने ते मोबाइलमध्ये वाचून रेकॉर्ड करायचं आणि मेघनाला पाठवायचं. मेघना म्हणाली, सरे अंकल, ठीक आहे, बेस्ट. माझ्या गद्याला आवाज मिळणार. सुशीलाने फोन घेतला तो चाळीस मिनिटं सोडला नाही. लोणच्याविषयी असावं.

११ जुलै
आई काढली. तिच्या जागी मावशी घातली. तडजोड करायची ती उंचीवरून.

सुशीला दुपारी आतल्या खोलीचं दार लावून वाचते. आज बाहेर ऐकू आलं. हसत होती. अकरा पानांत हसण्यासारखं काहीच नाही. मी दाराला कान लावला तर ती सांगत होती, मग चोराने काय केलं, चारमिनारजवळच्या सगळ्या बांगड्या उचलल्या आणि ड्रोनवर टाकल्या. माझ्या पानांत चोर नाही. ड्रोन नाही. बांगड्या तर नाहीतच.

तिचा चष्म्याचा नंबर बदलला असणार. पुढच्या आठवड्यात दाखवायला हवा.

१६ जुलै
डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे. माझा मात्र वाढला.

२९ जुलै
मावशीही नामंजूर. आत्या घातली.

सुशीलाला विचारलं, तू जसंच्या तसं वाचतेस ना. ती म्हणाली, अहो, वाचते की. मधेमधे जरा सोपं करते, पोरं झोपतील नाहीतर. मी म्हणालो, कुठली पोरं. ती म्हणाली, मेघनाच्या ऑफिसात एक पोरगी आहे, तिची दोन लेकरं रोज ऐकतात. पुढचा भाग कधी, म्हणून विचारतात.

म्हणजे वाचकवर्ग तयार होतो आहे.

१८ ऑगस्ट
कंपनीला पत्र. तीन अटी. एक, नात्याचं माणूस राहील. दोन, खट्टी दाल राहील. तीन, पंख पसर डर विसर जाईल. एक स्वल्पविरामही बदलू देणार नाही. खाली सही, तारीख, स्थळ काचीगुडा.

उत्तर एका शब्दाचं आलं. नोटेड. म्हणजे नोंद घेतली. कोर्टात नोंद झाली की अर्धा निकाल लागला.

९ सप्टेंबर
बायबलची नवी आवृत्ती आली. चार नियम वाढले आहेत. एकतीस: टर्बो गरुडाला आई नाही. बत्तीस: मावशी, आत्या किंवा इतर नातेवाईकही नाहीत. तेहतीस: तो खट्टी दाल खात नाही आणि त्याला ती आठवतही नाही. चौतीस: तो रेल्वे स्टेशनवर बसत नाही.

चार. एका लेखकामुळे. आता पुढे जो कोणी टर्बो गरुडावर लिहील, तेलुगूत, हिंदीत, तमिळमध्ये, त्याला माझ्या विरोधात लिहिलेले चार नियम पाळावे लागतील. नामदेवरावांच्या वांग्यांवर कुणी नियम केला आहे का? पान झेरॉक्स करून ठेवलं.

सुशीलाला दाखवलं. तिने नीट वाचलं, दोनदा. मग म्हणाली, आई नाही असं लिहिलंय. कोणीच नाही असं लिहिलं नाही. तिला नियमांची भाषा कळत नाही.

१४ ऑक्टोबर
आज मेघना घरी आली. मला वाटलं, माघार घ्यायला आली. तिने सुशीलाच्या हातात दोन पानांचा कागद दिला. सुशीलाची रेकॉर्डिंग कंपनीत सगळ्यांना आवडली म्हणे, करून ती पुस्तकाबरोबर काढणार. आजकाल मुलं मराठी वाचत नाहीत, ऐकतात. सुशीलाने भिंग घेऊन कागद वाचला. तीन प्रश्न विचारले. स्वतःचं नाव कुठे येणार. बाहेर की आत. अक्षर केवढं. मग सही केली.

दोन पानांच्या कागदाला एवढा वेळ.

तिचं बघून माझा करार काढला. अकरावं कलम: लेखकाचं नाव कंपनी ठरवील तेच राहील, ते सर्व पुस्तकांवर 'आर्यन फाल्कन' असं छापलं जाईल.

पुन्हा वाचलं. भिंगातून वाचलं. आर्यन फाल्कन.

१६ ऑक्टोबर
लढणार. सिकंदराबादला सुधीरकडे गेलो. जुना वकील, माझ्याच कोर्टातला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, अनंता, सही तुझीच ना. मी म्हणालो, हौ. वाचून केलीस ना. मी म्हणालो, ते महत्त्वाचं नाही. तो म्हणाला, नक्को रे बाबा, केस-वेस नक्को, चाय पी. दोन उस्मानिया बिस्किटं दिली. हा वकिली सल्ला नव्हे.

१७ ऑक्टोबर
मेघनाला फोन केला. स्पष्ट सांगितलं की मी माझं हस्तलिखित परत घेतो आहे. आता छापा काय छापायचं ते. ती म्हणाली, अंकल, सॉरी, ते आपण वापरतच नाही ना. सुशीला आंटी सांगतात तेच ऐकून टाइप करून घेतलंय. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

मी म्हणालो, माहीत होतं.

गॅलरीत बसलो. वाईट वाटलं. फार वाटलं. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. सुशीलाने चहा आणून ठेवला आणि काही विचारलं नाही. तिला सगळं आधीपासून माहीत असणार. विचारलं असतं तर मी चिडलो असतो, ते तिने टाळलं.

१८ ऑक्टोबर
काल लिहिलं ते क्षणिक होतं. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे आणि सांगणं म्हणजे लिहिणं नव्हे. ठाम.

२८ नोव्हेंबर
पार्सल आलं. पुस्तक बरं दिसतं. मुखपृष्ठावर टर्बो गरुडा, खांद्यावर खार. खाली बारीक अक्षरात आर्यन फाल्कन. त्याच्याखाली जरा मोठ्या अक्षरात, ऐका सुशीला उमरीकर यांच्या आवाजात. बाजूला काळा चौकोन, त्यावर मोबाइल धरला की गोष्ट सुरू होते.

मी ऐकणार नाही.

१ डिसेंबर. दुपारी
सुशीला भजनाला गेली तेव्हा ऐकलं. निव्वळ चुका काढायला. वही-पेन घेऊन बसलो.

बांगड्यांचा चोर आहे. ड्रोन आहे. पंख पसर डर विसर आहे, आणि ती असं म्हणते की मला दोनदा हसू आलं. वहीत काही लिहिलं नाही. शेवटी चोर पकडला जातो आणि एक मुलगी टर्बो गरुडाला विचारते, तुला उशीर झाला, तुझी कोणी वाट बघत नाही का? तो उत्तर देत नाही. नियमाप्रमाणे बरोबर आहे. खार म्हणते, किती का उशीर होईना, कोणीतरी याचं ताट झाकून ठेवलेलं असतं.

आई नाही. मावशी नाही. खट्टी दाल नाही. एकही नियम मोडलेला नाही.

तेवढा भाग चार वेळा ऐकला. ती कल्पना मूळ माझी. शब्द तिचे आहेत, एवढंच.

३ डिसेंबर
मंडळातून यायला उशीर झाला. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं होतं. रोजच असतं. आज दिसलं.

२१ डिसेंबर, रविवार. दुपारी ३.३०
वार्षिक दिवस. सकाळी नऊला गेलो. नामदेवरावांना आधीच सांगून ठेवलं की एका लेखकाच्या नावाबाबत वाद चालू आहे, तेव्हा कपाटाचा विषय पुढे ढकलावा. ते म्हणाले, वाद कसला, वहिनीही सभासद आहेत, त्यांचं नाव मुखपृष्ठावर आहे, करून कपाट उघडलं मी. नियम तुमचाच, उमरीकर. असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मी काढला नाही.

खुर्च्या कोणीच मांडलेल्या नव्हत्या. हर्षद आला, हात देऊ का म्हणाला. दोघांनी मांडल्या, चौसष्ट. पहिल्या ओळीतली मधली डगमगत होती. ती मागे टाकली आणि तिच्या जागी चांगली आणली. कोण बसणार याचा विचार करून नाही, डगमगती खुर्ची पुढे बरी दिसत नाही म्हणून.

सुशीलाने समई लावली. तिला दोन वाक्यं बोला म्हणाले, ती म्हणाली, गोष्ट आमच्या ह्यांची आहे, मी फक्त सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे खोटं आहे हे मला, तिला आणि मेघनाला माहीत आहे. मी उठून खुलासा करणार होतो. केला नाही.

मग फोटो, सह्या, लहान मुलांची गर्दी. ती थांबली, मी पुढे निघून आलो.

तिचं ताट वाढून झाकून ठेवलं आहे. माश्या बसतात म्हणून.