कुसळ्याचा दाणा

ता. ६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उष्णता सोसणाऱ्या गव्हाचं जनुक सापडलं म्हणून छाती फुगवून हिंडतो आहेस, असं आई सांगत होती. तुझा शोधनिबंध वाचला. कुसळ्या गव्हाचा संकर मी केला, निवड मी केली, आणि माझं नाव भिंग लावूनही सापडत नाही. तो राग आहेच, लपवत नाही.

पण हे बियाणं शेतकऱ्यांना द्यावं अशा बियाणं समितीच्या कागदावर मी सही करणार नाही, त्याचं कारण वेगळं आहे. तू सगळ्या जातींवर एकाच दिवशी गरम तंबू चढवलास. कुसळ्या इतरांच्या आधी फुलतो. बाकीच्यांचे दाणे दुधात होते, तेव्हा त्याचे जवळजवळ भरून झाले होते. मग उष्णता त्याचं काय वाकडं करणार? एवढी साधी गोष्ट तुमच्या प्रयोगशाळेत कोणाच्याच डोक्यात आली नाही? उशिरा पेरणाऱ्यांचा दाणा ऐन उन्हात भरतो; त्यांनी हे बियाणं घेतलं आणि तो सुरकुतला, तर त्यांना तोंड कोण देणार?

आईची कंबर बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी कळवते.

तुझी,
ताई


ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना तुझा चढा आवाज ऐकू येऊन कान झाकून घ्यावेसे वाटले. दाणा भरताना उष्णतेने पिष्ट बनायचं थांबतं. कुसळ्यात गुणसूत्राच्या त्या एका तुकड्यामुळे ते चालू राहतं. तुला हे कळत नाही असं नाही, ते मी शोधलेलं तुला खपत नाही. लहानपणापासून माझं काही चांगलं झालं की तुझ्या पोटात दुखतं.

समितीची बैठक एप्रिलअखेर आहे आणि माझी बढती तिच्यावर अडली आहे. तू सही कर, पुढच्या निबंधात मी तुझं नाव घालतो, हवं तर माझ्या आधी. आता हट्ट सोड.

आईला नमस्कार. लोभ आटला असेल तर निदान सही तरी असू दे.

तुझा,
धाकटा


ता. २२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सही सोबत आहे. उड्या मारण्याआधी पुढचं वाच.

कुसळ्या मी या वेळी कुंड्यांत, मुद्दाम इतर जातींच्या मागाहून पेरला होता, म्हणजे तो इतरांबरोबरच फुलला. फुललेल्या प्रत्येक ओंबीला दोरा बांधला, आणि दाणा दुधात आला की ती कुंडी गरम खोलीत नेली. रोज सकाळी दाणा चिमटीत दाबून बघायचे आणि खरं सांगते, तो पोचट निघावा असं मनापासून वाटायचं. नाही निघाला. त्याच संकरातली, पण तुझा तो तुकडा नसलेली त्याची सख्खी भावंडंसुद्धा सुरकुतली, कुसळ्या टपोरा राहिला.

म्हणजे तुझं बरोबर होतं. पण ते तुला माहीत नव्हतं. माहीत करून न घेताच तू ते लोकांच्या शेतात पाठवायला निघालास, आणि मी गप्प बसावं म्हणून माझंच नाव मला देऊ केलंस. हे मी विसरणार नाही.

पुरावा समितीकडे माझ्या एकटीच्या नावाने गेला आहे. तुझ्या निबंधात मला घालू नकोस. बियाणं जाऊ दे, बढतीही घे.

आईला भेटायला येशील तेव्हा आधी कळव. मी त्या दिवशी शेतावर राहीन.

ताई