चालकाचं झाकण

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी प्रार्थना अर्ध्यावर टाकून उठलो. असं कधी करत नाही. पण डोळे मिटले की माझा प्लास्टिकचा रणगाडाच दिसत होता. टेबलाशी जाऊन पाहिलं, तर टरेट पुन्हा सरळ! तोफ बसवलेला हा वरचा फिरता भाग काल मी डावीकडे तिरका करून ठेवला होता. ही त्याला मुंडकं म्हणते.

हिला विचारलं. म्हणाली, "सैन्य तुमचं, धूळ माझी. पण मी टेबल पुसते तेवढंच. तुमच्या मुंडक्याला हात लावायची माझी छाती नाही."

घरात तिसरं माणूस म्हणजे बाबा. ते चहात बिस्किट बुडवत बसले होते. त्यांना काय विचारायचं? या वयात प्लास्टिकच्या तुकड्यांशी खेळतो म्हणून आधीच ते माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात.

५ नोव्हेंबर

पुन्हा सरळ.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पंपहाउसवर पहिली पाळी केली आणि तसाच रणगाडा घेऊन मॉडेलवाल्यांच्या बैठकीला गेलो. भिंगवाले आमच्यातले सगळ्यात जुने, खिशात कायम भिंग. त्यांनी रणगाडा फिरवून फिरवून पाहिला. चाकांतला चिखल तर हुंगलासुद्धा.

"खरा वाटतोय रे. या खेपेला प्रदर्शनात पहिला नंबर तुझा, लिहून ठेव."

पन्नाशीला आलो, पण कानशिलं गरम झाली.

मग म्हणाले, "टरेट सैल का ठेवलंस? गेल्या वर्षी त्या बँकवाल्याचं रस्त्यातच गळून पडलं, आठवतंय ना? तिरकं कर आणि चिकटवून टाक. सरळ तोफ म्हणजे निव्वळ खेळणं."

चालक ज्यातून आत-बाहेर करतो ते पुढचं झाकण बंद ठेवलं, ते मात्र त्यांना पसंत पडलं. सगळे तसंच करतात. किटमध्ये आतलं काही देत नाहीत. ना आसन, ना माणूस. झाकण उघडं ठेवलं तर पोकळी दिसते.

८ नोव्हेंबर

चिकटवलं. तोफ डावीकडे वळलेली, नेमकी चालकाच्या झाकणावर आलेली. रुबाबदार दिसते. प्रदर्शन सोळाला.

तरी चित्त थाऱ्यावर नाही. उगाच तीनदा उठून पाहून आलो.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी आडवा झालो होतो. टकटक ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर बाबा टेबलाशी उभे. दोन्ही हातांनी टरेट फिरवू पाहत होते. ते हलेना. मग बोटाच्या पेराने रणगाड्यावर ठोकू लागले. थांबायचे, कान लावायचे, पुन्हा ठोकायचे.

"बाबा, मोडेल ते."

"पहार आण."

"अहो बाबा, ते—"

"पहार आण म्हणतो ना! आतून ठोकतोय तो."

हिने त्यांना धरून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. आणि मी? मी आधी तोफ वाकली का ते पाहिलं. देवा, आधी ते पाहिलं.

१० नोव्हेंबर

बाबा लढाईत दुरुस्तीच्या गाडीवर फिटर होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. आज आपणहून बोलले. आमच्याकडे नाही, खिडकीकडे बघत.

तोफ अशी आडवी येऊन अडकली की चालकाला झाकण उघडता येत नाही, वर तोफच असते. मार बसलेला रणगाडा. बाकीचे वरून निघालेले, चालक पुढे एकटा अडकलेला, पण जिवंत. बाबा आणि त्यांचा जोडीदार बाहेरून टरेट फिरवायला भिडले. हे बाहेरून ठोकायचे, तो आतून ठोकायचा.

"नाही हललं. सगळं करून पाहिलं. मग आतलं ठोकणं थांबलं."

मग त्यांनी मान टेबलाकडे वळवली.

"तुझं हे फिरायचं," बाबा म्हणाले. "एका बोटाने फिरायचं. रोज तेवढं करून जायचो. बरं वाटायचं."

मग हिला म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. आणि साखरेचा हात जरा सैल सोड."

१२ नोव्हेंबर, बुधवार

पाळीवर तोच व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा तपासत होतो. जोडीदार म्हणाला, "काय रे, घरी गॅस चालू राहिलाय का?"

भिंगवाल्यांचा फोन आला. "आणतोयस ना?" आणतो म्हणालो. का म्हणालो?

हा गोंद नुसता चिकटवत नाही. दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवून एक करून टाकतो. आता सुटणार नाही, कापावंच लागेल. आणि कापलं की रंग, गंज, चिखल, सगळं वर्षभराचं काम मातीत.

प्रार्थनेला बसलो, पण काय मागावं ते सुचेना. नंबर मागायची लाज वाटते. आणि दुसरं जे आहे ते माझ्याच हातात आहे, त्यासाठी देवाला कशाला तोशीस?

हिला म्हटलं, "प्रदर्शन झाल्यावर कापतो."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा कालपासून टेबलाच्या बाजूने जात नाहीत. भिंतीच्या कडेने जातात."

१५ नोव्हेंबर, शनिवार

बारीक करवतीने टरेट कापून मोकळं केलं. रंग उडाला, कडेला भेग गेली. मग चालकाचं झाकणही कापलं आणि उचलता येईल असं पुन्हा बसवलं. भिंगवाल्यांना येत नसल्याचं कळवलं.

रणगाडा बाबांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी एका बोटाने तोफ बाजूला केली. नखाने झाकण उचललं. चष्मा कपाळावर सरकवून आत बघत राहिले.

"आत कोणी नाही रे."

"नाही, बाबा."

"निघाला म्हणजे."