‘पानांच्या नोट्स’ नावाची फाइल

४ मार्च २०२५, मंगळवार

पेनड्राइव्ह पुन्हा घरी! मूर्तिजापूर गेल्यावर पर्समध्ये हात घातला. चष्म्याची डबी, डोकेदुखीच्या गोळ्या, बडीशेप, घराची किल्ली — सगळं होतं, तोच नव्हता. मग दोन तास फळ्यावर आकृत्या काढल्या. पंचवीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवते आहे, पानाचा आडवा छेद झोपेतही काढीन. पण स्लाइड नाहीत म्हटल्यावर पोरांचे चेहरे असे, की मी पंगत बसवली आणि वाढायलाच विसरले.

रोजचं अमरावती–अकोला, अकोला–अमरावती. निम्मं आयुष्य बडनेऱ्याच्या फलाटावर गेलं. अर्धं काम तिकडच्या लॅपटॉपवर, अर्धं इकडच्या कॉम्प्युटरवर, आणि मधे मी — हमाल.

आमच्या प्रयोगशाळेतले धर्मपाल म्हणाले, “मॅडम, फेका तो पेनड्राइव्ह. आता सारं वरतं ठेवतेत लोकं.” वरतं म्हणजे कुठे, विचारलं. त्यांनी छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं.

९ मार्च, रविवार

काल धर्मपालांनी कॉलेजात लॅपटॉपवर ते क्लाउड बसवून दिलं. मी तेव्हा हजेरी भरत होते. “मॅडम, डेस्कटॉपबी घेऊ का त्यात?” “घ्या हो, सगळंच घ्या.” काय घेतलं, काय नाही, बघितलंसुद्धा नाही. गाडी गाठायची होती.

आज घरचा कॉम्प्युटर. धर्मपाल फोनवर, माउस प्रणालीच्या हातात. मी नुसती पासवर्ड सांगायला. माझ्या नवऱ्याला, गोपालला, म्हटलं जरा बस. तर म्हणाला, “मले दुकानातल्या बियाण्यायचं सुधरत नाही, तुह्या ढगाचं काय सुधरीन!” आणि पेपर घेऊन झोपला.

प्रणाली नसती तर काही झालं नसतं. गोपालच्या बहिणीची, रुख्मिणीताईंची ही मुलगी, नांदगाव खंडेश्वरची. तीन वर्षं आमच्याकडे राहून इथल्या कॉलेजात बी.एस्सी. करते आहे. हे शेवटचं वर्ष. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल या वहीत पूर्वी पुष्कळ लिहून झालंय. आता ही आहे तर लिहावंसं वाटत नाही.

१२ मार्च, बुधवार

चालतंय! अकोल्यात स्लाइड केली, घरी येऊन पाहिलं तर हजर. रात्री इथे एक ओळ खोडली, सकाळी तिकडेही खोडलेली. पर्स हलकी झाली.

प्रणाली म्हणते, “मामी, तुमी तिकडे फाइल ठेवली का इथं कोपऱ्यात दिसते. मले समजते, मामी पोचल्या.” मी नोट्स केल्या की ती दुपारी छापूनही ठेवते, न सांगता. संध्याकाळी टेबलावर चळत तयार, टाचणीसकट. आपली कोणीतरी वाट पाहतं आहे हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

१८ मार्च, मंगळवार

पत्र आलं. प्रणालीच्याच कॉलेजचं. ते स्वायत्त आहे, पेपर बाहेरच्या प्राध्यापकांकडून काढून घेतात. शेवटच्या वर्षाचा वनस्पतीशास्त्राचा पेपर मी काढायचा. दोन संच.

सोबत प्रतिज्ञापत्र — ‘माझे जवळचे नातेवाईक सदर परीक्षेस बसलेले नाहीत.’ खाली यादी. पती, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, दीर, नणंद. भाची नाही. नणंदेची मुलगी तर नाहीच. दोनदा वाचली. नाही म्हणायला फोन करावा लागणार, कारण सांगावं लागणार, मग प्राचार्य, मग आणखी कोणी. कंटाळा आला. सही केली.

खरं लिहायचं तर नुसता कंटाळा नव्हता. बरंही वाटलं — इतक्या वर्षांनी आपल्या गावाने विचारलं म्हणून.

२५ मार्च, मंगळवार

पेपर झाला. अकोल्यातच केला, दाराला आतून कडी लावून. घरी एक अक्षर नेलं नाही. क्लाउडच्या फोल्डरमध्येही ठेवला नाही, मी काही इतकी बावळट नाही! बाहेर, लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवला. नावही साधं दिलं, कोणाची नजर पडली तरी कळू नये म्हणून — ‘पानांच्या नोट्स’. छापील प्रत लाखेने बंद करून पाठवली. फाइल परीक्षेपर्यंत राहू दे, काही शंका विचारली तर लागेल.

३० मार्च, रविवार

पाडवा. प्रणालीचे बाबा, रामरावजी, आले होते. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलले की दगडावरची रेघ. जेवताना पोरीसमोरच म्हणाले, “या खेपेले सारे विषय निघाले तं एम.एस्सी. कर, मी आडवा येत नाही. एक जरी राहला तं सामान बांधायचं. पोरगं पाहून ठेवलं हाये मी.” गोपाल म्हणाला, “भाऊजी, पुरी घ्या.” मी श्रीखंड वाढलं. प्रणाली पानाकडे बघत होती. वनस्पतीशास्त्रच तिचं कच्चं आहे. माझ्याच घरात राहून!

कंबर मोडली. कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळी घरचा कॉम्प्युटर लावला. डेस्कटॉपवर, तुळशीच्या फोटोच्या बाजूला — ‘पानांच्या नोट्स’.

आधी कळलंच नाही. वाटलं, कुठल्या नोट्स? उघडली. संच एक. संच दोन. बाहेर बेचाळीस अंश, आणि मला हुडहुडी!

खाली, हल्ली उघडलेल्या फाइलींच्या यादीत याच फाइलचं नाव होतं. २ एप्रिल, दुपारी चार दहा. बुधवार. मी अकोल्यात, तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलवर. गोपाल दुकानात. घरात एकटी प्रणाली.

फाइल काढून टाकली. इथून काढली की तिकडूनही जाते. इतकी आज्ञाधारक.

७ एप्रिल, सोमवार

धर्मपालांना आडून विचारलं. “मॅडम, डेस्कटॉप घेऊ का म्हनलं होतं न मी तुमाले. तुमीच तं म्हनल्या, सारं घ्या.”

म्हणाले खरं. म्हणाले होते मी.

८ एप्रिल, मंगळवार

विचारलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

अजूनही विचारलं नाही. ‘हो’ म्हणाली तर मला तिच्यावर बोट ठेवावं लागेल. ‘नाही’ म्हणाली तर माझा विश्वास बसणार नाही. दोन्ही नको आहे मला. म्हणून भाजीत मीठ जास्त झालं का, एवढंच विचारते.

तिने फाइल उघडली यात तिचा दोष नाही. नोट्स छापायला उघडली असणार, रोजच्यासारखी. नावच मी तसं दिलं, हुशारी करून! पण उघडल्यावर कळलं ना? वर ठळक अक्षरात परीक्षेचं नाव होतं. मग मला का सांगितलं नाही? आणि हे पक्कं, की तेव्हापासून नोट्स छापणं बंद झालंय. कॉम्प्युटरवर बसतच नाही. रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन गच्चीवर जाते. वनस्पतीशास्त्राचं कपाटात. पाच दिवसांत तिने त्याला हात लावलेला नाही, मी मोजलंय. ज्याला पेपर माहीत, तो पुस्तक कशाला उघडेल!

हे लिहिताना स्वतःची किळस येते. लेकीवर पाळत ठेवणारी बाई. ही वही तरी कुठे वर जात नाही.

गोपालला सांगितलं. त्याने उठून पंखा वाढवला. मग म्हणाला, “जाऊ दे न. पोरगी पास होईन. कोनाचं काय जाते?” त्या क्षणी मलाही तेच वाटत होतं. अगदी तेच. म्हणूनच त्याच्यावर ओरडले.

१३ एप्रिल, रविवार

झोप नाही. कूलरचं पाणी संपलं तरी उठून भरवत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

सांगून आले.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्या कॉलेजच्या परीक्षा नियंत्रकांकडे गेले. सूर्यभान गावंडे. माझ्याहून लहान असावेत. सगळं सांगितलं — डेस्कटॉप, घर, घरातली मुलगी, तारीख, वेळ. प्रतिज्ञापत्रावरची सहीसुद्धा. त्यांनी पाणी मागवलं, ते मी प्यायले नाही.

“मॅडम, चोरी झाली हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पेपर सुरक्षित राहिला नाही, एवढंच लिहून द्या. मुलीचं नाव नको.” लिहून दिलं. आता तीन वर्षं माझ्याकडे पेपर नाही, आणि आमच्या प्राचार्यांना पत्र जाणार. नवा पेपर दुसरं कोणी काढेल, दोन्ही संच नवे.

उठताना म्हणाले, “एक आहे. पेपर बदललाय, हे निकाल लागेपर्यंत घरात एक शब्द नाही. त्या मुलीला तर मुळीच नाही.” मी म्हटलं, नाही सांगणार. एक नियम वाकवून हे झालं. दुसरा नाही वाकवणार.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उलट एक घाणेरडा विचार डोक्यात बसलाय — २४ तारखेला तिचा पेपर, तेव्हा कळेलच. पाठ केलेलं आलं नाही की चेहरा बोलेल.

२३ एप्रिल, बुधवार

पहिले तीन पेपर चांगले गेले तिचे. उद्या वनस्पतीशास्त्र. रात्री तिच्या खोलीत गेले. म्हटलं, रंध्रांचं एकदा समजावून देऊ का? “नको मामी. डोकं दुखून राहिलं.” केसांवरून हात फिरवला तर डोळे मिटून घेतले तिने.

२४ एप्रिल, गुरुवार

त्रेचाळीस अंश. तिला दहीसाखर देऊन मी गाडीला पळाले. दिवसभर अकोल्यात लक्ष नव्हतं. दीडला मेसेज आला — ‘झाला.’

घरी आल्यावर चेहरा पाहिला. नीट, अगदी परीक्षकासारखा पाहिला. दचकलेली नाही, रडलेली नाही. “कसा गेला?” “झाला, मामी.” उन्हाने लाल झाली होती, एवढंच.

म्हणजे तिने पेपर वाचलाच नव्हता! उघडला, वरचं नाव दिसलं, बंद केला. एवढंच झालं होतं. आणि मी?

२७ एप्रिल, रविवार

आमरस केला. कुरड्या तळल्या. ती फार जेवली नाही, उन्हाळ्यात कोण जेवतं! अकोल्याहून आणलेला ड्रेस दिला. अंगाला लावून पाहिला आणि घडी करून ठेवला. मी मनातल्या मनात दहादा माफी मागितली. मोठ्याने मागता येत नाही, गावंडे सरांना शब्द दिलाय. शिवाय काय सांगू? की तीन आठवडे तुला चोर समजत होते?

निकाल लागला की सांगेन. सगळं सांगेन. उद्या तीही मोठी बाई होईल, तिच्याही घरात अशी एखादी पोर येईल, तेव्हा उपयोगी पडेल.

५ मे, सोमवार

प्राचार्यांनी बोलावून पत्र हातात दिलं. “तुमच्याकडून अपेक्षा नव्हती.” माझीही नव्हती. परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं, मूर्तिजापूरपर्यंत. पाय सुजले. तरी आज बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागेल असं वाटतंय.

११ जून, बुधवार

निकाल लागला. वनस्पतीशास्त्रापुढे — गैरहजर. बाकी सगळ्यात पास. मी कॉलेजला फोन लावायला घेतला, तर तिने हात धरला.

“नका लावू मामी. मी गेलीच नव्हती. अंबादेवीच्या देवळात बसून होती, तीन घंटे.”

रामरावजींना कळलंय. उद्या न्यायला येताहेत.

“अगं, का?”

“पेपर दिसला होता मले, तुमच्या नोट्स छापाले गेली तवा. बसली असती तं चोरी झाली असती. सांगतलं असतं तं तुमची नोकरी गेली असती.” मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “पन मंग मैत्रिणीनं पेपर दाखवला. त्यातला एकबी प्रश्न नव्हता, मामी. कोनं बदलला असंन?”

“मी,” म्हणाले.