पंपामागची गल्ली

रिट्झविल, ४ मार्च २००४

ति. पॉलिनाआत्यास, रोझिनाचा सा. न. वि. वि.

बाबांच्या पेट्रोल पंपाखालच्या गंजक्या टाक्या निघाल्या, तेलकट माती ट्रकांनी गेली, आणि पाणी तपासायच्या विहिरी सलग चार तिमाह्या स्वच्छ निघाल्या. कुणी नोटीस दिली नव्हती, आपणहूनच केलं हे सगळं. महिनाअखेरीस अहवाल राज्याच्या पर्यावरण खात्याकडे जाईल. आणखी सफाईची गरज नाही, असं त्यांचं लेखी मत आलं की पंपाच्या जागी माझी बेकरी उघडेल. त्या पत्राशिवाय बँकेतला माणूस बसायला खुर्चीसुद्धा देत नाही.

गाव म्हणतं, रोझिनाच्या बिरॉकमध्ये, त्या भरल्या पावांत, कोबी-खिम्याऐवजी डिझेल भरलेलं असणार. म्हणू देत. भिंतीवर लावायला पंपाचा एखादा जुना फोटो असला तर पाठव. आणि तुझ्या वाला वाला गावचे गोड कांदे एकटीच संपवू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी रोझिना

वाला वाला, ९ मार्च २००४

चि. रोझिनास अनेक आशीर्वाद.

फोटो पाठवला आहे. तो शोधताना जे आठवलं, ते लिहू की गिळू, यात माझे दोन दिवस गेले. दर जुलैत मागच्या गल्लीत इतकी धूळ उडायची, की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागत. म्हणून तुझे बाबा, माझा रेनहोल्डदादा, गाड्यांचं काळं, वापरलेलं तेल गल्लीत शिंपडायचा. बायका त्याला दुवा द्यायच्या. फोटोत माझ्या हातात झारी आहे ना, तिच्यात तेलच आहे. मीच शिंपडत होते गं. तुम्ही खणलंत ते पुढच्या अंगाला. खातं मत देणार ते तू सांगशील तेवढ्यावरच. आता तू ठरव. रागावलीस तर तो राग माझ्या हक्काचा आहे.

पत्र टाकायचं थांबवू नकोस, एवढंच मागते.
तुझी आत्या

रिट्झविल, २१ जून २००४

ति. आत्यास सा. न. वि. वि.

रागावले होते, दोन दिवस. एक पातेलंही आपटलं. मग आमच्या माती तपासणाऱ्या डेलबाईंना फोटो दाखवला. त्यांनी अहवाल थांबवला, नमुने घेतले, आणि गल्लीच्या एका टोकाला तेल सापडलं. खात्याला आम्हीच कळवलं. आणखी काम लागेल, असं त्यांचं उत्तर आलं.

पण पुढची गंमत ऐक. बातमी फुटताच सगळी म्हातारी मंडळी गल्लीत हजर. गॉटलीबकाका घडीची खुर्ची घेऊनच आले आणि म्हणाले की तेल कोठाराच्या कडेनं पडायचं. यावर लिडियाबाई म्हणाल्या की यांना काल काय जेवले तेही आठवत नाही, तेल माझ्याच कपड्यांच्या दोरीखाली पडायचं. दोघं काठीनं रेघा ओढत तासभर भांडले. डेलबाईंनी दोन्हीकडे नमुने घेतले, आणि दोघंही खरे निघाले. आता सगळे मिळून खणणाऱ्यांना कॉफी पाजतात. चाळीस वर्षं जे कुणी बोललं नाही, ते आता सगळ्यांना आधी बोलायचं आहे.

गुडघ्यांना जप, आणि माझ्यावरची मर्जी कमी होऊ देऊ नकोस.
रोझिना

रिट्झविल, १७ मे २००५

ति. आत्यास सा. न. वि. वि.

खात्याचं पत्र आलं. वर 'रेनहोल्ड किसलर यांचा पंप' आणि खाली, आणखी सफाईची गरज नाही. गल्लीचा वेगळा परिच्छेद आहे. बँकेतल्या माणसानं खुर्ची दिली, वर कॉफीही विचारली. शनिवारी, ११ जूनला दुकान उघडतंय. पहिली भट्टी तुझ्या हातून लागावी असं फार वाटतं.

वाट पाहते आहे.
तुझीच रोझिना

वाला वाला, २० मे २००५

चि. रोझिनास खूप खूप आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा रडले आणि मग शेजारणीला वाचून दाखवलं. आता तुला खरं सांगते. त्या मार्चमध्ये मी गप्प बसले असते, तर तुझं दुकान वर्षभर आधीच उघडलं असतं, आणि मी गुडघ्यांचं निमित्त काढून घरी बसले असते. ते तेल मनात लपवून माझ्या भाचीच्या हातचं मला कधीच गिळवलं नसतं.

१० जूनला, शुक्रवारच्या बसनं येते. माझ्यासाठी सहा बिरॉक बाजूला ठेव, आणि कुणाला मोजू देऊ नकोस.

तुझी आत्या