तिरकी फळी

प्रिय धाकट्या,

हातातला चिमटा आधी खाली ठेव, डोळ्यावरचं भिंग काढ, आणि समोर कुणाचं घड्याळ उघडं पडलं असेल तर त्यावर पेला पालथा घाल. पत्र लांबणार आहे. बातमी चांगली आहे हे आत्ताच सांगून टाकते, कारण माझं जाडजूड पाकीट दिसलं की आईचं काहीतरी बिनसलं असं धरून तू अर्धं पत्र उभ्या उभ्या वाचतोस आणि उरलेलं घाबरून वाचतच नाहीस. आई ठणठणीत आहे. आज सकाळीच माझ्याशी भांडली, दुधाच्या पातेल्यावरून. तुझे भाऊजीही बरे आहेत. आता स्टुलावर नीट बस.

आमच्या दुकानाचं तुला माहीतच आहे. जुनं फर्निचर येतं, सुतार ते ठाकठीक करतो, मी खुर्च्यांना नवं कापड चढवते आणि मालकीणबाई ते विकतात. दर दोन वर्षांनी त्यांना एका नव्या काळाचं वेड लागतं. सध्या आपल्या लहानपणाची पाळी आहे. म्हणजे आपण गोट्या खेळत होतो तेव्हाच्या वस्तू आता व्हिंटेज झाल्या. तू आणि मी कोण झालो ते तूच ठरव. त्या काळच्या काही डिझायनर मंडळींना म्हणे सरळ रेषेचा वीट आला होता. वस्तू कामाला आली एवढ्यावर त्यांचं समाधान होईना, तिने माणसाला हसवलंही पाहिजे, बुचकळ्यातही टाकलं पाहिजे. म्हणून आरशाला पायऱ्या, फुलदाणीला चाकं, खुर्चीची पाठ अर्ध्या चंद्राची. याला उत्तर-आधुनिक म्हणतात असं त्यांनी मला शिकवलं. मी विचारलं, उत्तर समजलं बाई, पण प्रश्न काय होता? त्या हसल्या नाहीत. धंद्याच्या बाबतीत त्या कधीच हसत नाहीत.

तर मागच्या सोमवारी टेम्पोतून चार कपाटं उतरली आणि माझी सुई कापडात तशीच राहिली. आपलं कपाट, धाकट्या! एक नाही, चार. तोच पिवळा सनमायका, कडेला तीच काळी-पांढरी नागमोडी पट्टी, तेच चार तऱ्हांचे चार पाय. एक लाल चेंडू, एक निळा ठोकळा, एक उलटा शंकू आणि एक बिचारा साधा. आणि चारही कपाटांची मधली फळी तिरकी, उजवीकडे उतरलेली. आपण जिच्यावरून गोट्या सोडायचो ना, तश्शी.

त्या फळीचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही, म्हणून मीच सगळं पुन्हा मांडते. बाबा असलं फर्निचर बनवणाऱ्या त्या चमत्कारिक कारखान्यात सहा वर्षं सुतार होते. आयुष्यभर काटकोनाशिवाय दुसरं काही न ओळखणारा माणूस; खिशात कायम काटकोन तपासायचा गुण्या, म्हणून सगळे त्यांना गुण्यामिस्त्रीच म्हणायचे. एक दिवस ते कारखान्यातून ते कपाट घेऊन आले. कारखाना बंद झाला, लोकांना असला माल नको आहे, जाताना हे मला भेट दिलं, असं त्यांनी सांगितलं. काकांनी, म्हणजे त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या आणि दहा पटींनी मोठ्या आवाजाच्या सुताराने, कपाटाभोवती एक फेरी मारली, फळीवर बोट फिरवलं आणि निकाल दिला की हात गेला. आजोबांसारखाच याचाही हात हलायला लागला, फळी वाकडी बसली, म्हणून काढून टाकलं आणि बिघडलेला माल गळ्यात मारला. बाबा एवढंच म्हणाले, "असंच असतं ते." काकांनी आईकडे बघून मान हलवली. बाबा आणखी एकदा म्हणाले, "अहो, असंच असतं ते." त्यानंतर त्यांनी तो विषय सोडून दिला. काकांचं तोंड म्हणजे दवंडी. गावभर झालं, आणि गुण्यामिस्त्रीला पुन्हा कुणी लाकडाला हात लावू दिला नाही. शेवटची तीन वर्षं त्यांनी गोदामाच्या किल्ल्या सांभाळल्या आणि छातीच्या तापाने गेले.

तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. फळी बसवली तेव्हा, म्हणते मी. आणि पुढच्या महिन्यात तू चव्वेचाळीस पुरे करशील.

तुला वाटत असेल की ताईला काही कळत नाही. मला सगळं कळतं. दर वाढदिवसाला हात हलतो का ते बघायला तू पेला पाण्याने काठोकाठ भरतोस आणि तळहातावर ठेवून मोरीपासून दारापर्यंत चालत जातोस. चार वर्षांपूर्वी मी न सांगता आले होते, खिडकीतून पाहिलं, आणि तुला कळू नये म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. मास्तरीणबाईंचंही मला कळतं. त्यांच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आल्या, ते पाच वर्षांपूर्वी. तेव्हापासून त्यांच्या घरातली धडधाकट घड्याळं एकामागून एक तुझ्याकडे येतात, आणि तू ती मुकाट्याने पुसून परत देतोस. त्यांनी सरळ विचारलं तेव्हा तू म्हणालास की थरथरत्या हाताचा माणूस मी कुणाच्या गळ्यात बांधणार नाही. इतका शहाणा माणूस, आणि एका फळीपायी घोड्यावर बसायचा राहिला. काकांनी तुझ्या डोक्यात काय भरवून ठेवलं, असं मी मनातल्या मनात हजारदा म्हटलं असेल.

असो. सोमवारी संध्याकाळी घरी आले ती थेट आपल्या कपाटापाशी. ते माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. फळीवर काही टिकत नाही म्हणून तिथे मी उशा कोंबते. उशा काढल्या, जाड पुठ्ठा घेतला, आणि खुर्चीच्या पाठीचं माप काढते तसं फळी आणि कपाटाची बाजू यांच्यामधल्या कोपऱ्याचं माप कापून घेतलं. माझं माप चुकत नाही, हे तुला मान्य करावंच लागेल. मंगळवारी दुकान उघडायच्या आधी जाऊन तो पुठ्ठा पहिल्या कपाटात बसवला. बसला. दुसऱ्यात बसला. तिसऱ्यात आणि चौथ्यातही बसला, असा की मधून केस जाणार नाही. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले. अरे, हलणाऱ्या हाताने फळी एकदा वाकडी बसेल. पाच वेळा तीच, तेवढीच, त्याच बाजूला वाकडी कशी बसेल?

सुताराने मला तसं बसलेलं बघून चहा आणला, आणि आता हसू नकोस, तो चहा कपाटांबरोबर आलेल्या कपांतल्या एकात होता. तू ओळखशील तो कप. खाली निमुळता, वर पसरट, आणि कानाच्या जागी भरीव त्रिकोण, ज्यात बोट घालायला भोकच नाही. बाबांनी कपाटाबरोबर एक आणला होता आणि रोज हौसेने त्यातूनच प्यायचे. रोज थोडा चहा सदऱ्यावर सांडायचा, आणि आई आपल्याकडे अशी बघायची की आपण ताटात मान घालायचो. मी तो त्रिकोण चिमटीत धरला, उचलला, आणि अर्धा चहा माझ्या मांडीवर. सुताराने धरला, त्याच्या पायावर. मालकीणबाई आल्या आणि म्हणाल्या की या कपातून आजवर कुणालाच धड पिता आलेलं नाही, तीच तर त्याची गंमत आहे. त्यापेक्षा पंचवीस रुपयांचा साधा पेला बरा की नाही, सांग मला! मी इतकी हसले की सुताराला वाटलं चटका लागून रडते आहे. रडतही होते म्हणा.

मग मात्र एकेक गोष्ट आठवत गेली. ज्याचा हात गेला म्हणून आपण हळहळत होतो, तोच माणूस दर महिन्याला तुझे केस कापत होता. कपाळावरची ती झुलपं, पट्टी लावल्यासारखी. आणि तुझे दोन्ही कान अजून जागेवर आहेत. माझ्या पेन्सिलींना टोक तेच करायचे. आईला सुईत दोरा तेच ओवून द्यायचे. आपण ते रोज पाहत होतो. पण काका एकदा बोलले की आपल्या घरात डोळ्यांना काही किंमत उरायची नाही. आणि आजोबांचं म्हणशील, तर त्यांचा हात ऐंशीव्या वर्षी हलायचा. ऐंशीव्या वर्षी नाही हलायचा तर कधी?

इथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण ती चारही कपाटं खुद्द ती आखणाऱ्या डिझायनरच्या घरातली निघाली. तो म्हातारा गेला, आणि पुतणीने घर रिकामं केलं. कपाटांबरोबर नकाशांची एक गुंडाळी आली होती. मालकीणबाईंच्या हातापाया पडून मी ती उघडायला लावली. आपल्या कपाटाचा नकाशा तिसरा होता. फळीचा तिरकेपणा त्यात अंशांसकट लिहिलेला आहे, आणि समासात पेन्सिलीने एक ओळ आहे. ती मी जशीच्या तशी उतरवून घेतली आहे: "ही फळी गुण्यामिस्त्रींनीच कापावी. बाकीच्यांचा हात हलतो."

पुन्हा वाच. मी तर त्या दिवशी दहा वेळा वाचली.

आईला सांगायला मला दोन दिवस लागले. काल सकाळी सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्यांना तीन वर्षं अर्धाच कप चहा दिला, तो उगाचच?" सांडू नये म्हणून द्यायची ना ती अर्धा. बाबांनी कधी उरलेला अर्धा मागितला नाही. जरा वेळाने उठली, कपाटापाशी गेली, पदराने ती फळी पुसली आणि मला म्हणाली की उशा इथे पुन्हा ठेवशील तर याद राख. रात्रभर छान झोपली. मीही. कितीतरी वर्षांनी छातीवरचा दगड उतरला, असं उगाच म्हणत नाही, खरंच श्वास मोकळा झाला. दुधाच्या पातेल्यावरून भांडण झालं ते त्यामुळेच. दोघींच्याही अंगात जोर आला आहे.

पुढे कुणाचा हात हलेल आणि कुणाचा नाही, हे मी लिहून देऊ शकत नाही. ते तर मास्तरीणबाईंच्या हाताबद्दलही कुणी लिहून देणार नाही. पण चव्वेचाळीस या आकड्याला काही अर्थ नाही. कधीच नव्हता. बाबांनी आपल्याला कारखाना बंद झाला म्हणून सांगितलं, तो बंदच झाला होता. कपाट भेट मिळालं म्हणून सांगितलं, ते भेटच मिळालं होतं. असंच असतं म्हणाले, तर ते असंच असतं. एकही शब्द खोटा बोलला नाही तो माणूस.

आता खरं सांगते, ज्यासाठी कागद घेऊन बसले. वर मी काकांना बोल लावला, तो अर्धाच खरा आहे. काका तुझ्याशी याबद्दल अवाक्षरही बोलले नव्हते. लहान मुलांशी ते बोलतच नसत. तू नऊ वर्षांचा होतास, मी चौदाची. तू माझ्या वहीवर शाईची दौत सांडलीस आणि मी ओरडले, "बाबांचा हात गेला तसाच तुझाही जाणार, चव्वेचाळिसाव्या वर्षी, बघच तू!" बाबा तिथेच चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, दौत उचलून सरळ केली आणि बाहेर गेले. तो कप पुन्हा त्यांनी कधी हातात घेतला नाही. तू विसरला असशील अशी मी तीस वर्षं स्वतःची समजूत घातली, त्या खिडकीतून पाहिलं त्या दिवसापर्यंत. त्यानंतरही चार वर्षं माझी जीभ उचलली नाही. बाबांची माफी मागायची सोय राहिली नाही, तुझी मागते. ते वाक्य मी परत घेते, धाकट्या. सोबतच्या खोक्यात भुशात गुंडाळलेले दोन कप आहेत. वाढदिवसाला तो पाण्याचा पेला भरू नकोस. मास्तरीणबाईंना बोलाव, हे दोन कप चहाने काठोकाठ भर, आणि दोघं समोरासमोर बसून प्या. तुझा सांडेल, त्यांचाही सांडेल. त्या घाबरून तुझ्याकडे बघतील, तेव्हा त्यांना सांग, असंच असतं ते.

तुझीच, आणि खोटी ठरले म्हणून इतकी खूश कधीच नव्हते अशी,
ताई