वडिलांची खुर्ची हे वाहन नाही, असे लेखी मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
बेवारस वाहन कक्ष,
मिनोहारा नगर कार्यालय.

विषय : आमच्या ओसरीवरील खुर्चीस लावलेली 'बेवारस वाहन' ही सूचना मागे घेण्याबाबत.
संदर्भ : १) आपली पिवळी सूचना. २) आपले निरीक्षक श्री. निशिवाकी यांची पाहणी. ३) आपले ताजे पत्र.

महोदय,

आपण चिकटवलेल्या सूचनेचा खालचा डावा कोपरा सुटला आहे. दुपारी ओसरीवर ऊन आले की तो साधारण दोन सेंटीमीटर वर उचलला जातो. माझे वडील, श्री. शिओमी तोकुजी, तो अंगठ्याने दाबून पुन्हा बसवतात. ही सूचना निघू नये असे वाटणारे आमच्या घरात ते एकटेच आहेत, आणि माझ्या अर्जाचे कारणही तेच आहे.

वडिलांनी उभी हयात टोफूची व्हॅन चालवली. गेल्या वर्षी ती रीतसर मोडीत निघाली. तिचे काही भाग मी भंगारवाल्याकडून परत घेतले. मी धातूंची ताकद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे कोणता तुकडा अजून वजन पेलेल हे मला कळते. मागच्या चाकांवरच्या कमानदार पोलादी पट्ट्यांचे पाय केले आणि त्यांवर चालकाचे आसन बसवले. स्टिअरिंग समोर राहू दिले, कारण गुडघ्यांमुळे वडिलांना उठताना धरायला काहीतरी लागते. डावीकडे आरसा आहे, त्यात गल्लीतून येणारे माणूस दिसते. पुढच्या दिव्याचा वाचायचा दिवा झाला. हॉर्न मी काढणार होते. तो वडिलांनी काढू दिला नाही.

वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत. व्हॅन गेली तरी ते शेजारच्या ओगुनीकाकूंचा छोटा ट्रक मागून नेतात, आणि काकूंना नाही म्हणवत नाही. मागे ब्रेकऐवजी दुसऱ्याच पेडलवर पाय पडून ते काच फोडून न्हाव्याच्या दुकानात शिरले. आत गिऱ्हाईक नव्हते म्हणून निभावले. परवाना पोलिसांकडे परत करा, असे मी विनवले तेव्हा ते म्हणाले, "गाडीवाला माणूस परवाना परत करत नसतो. माझी गाडी संपली की बघू." गाडी संपली होती आणि ते कबूल करण्याच्या बेतात होते. त्याच आठवड्यात आपली सूचना आली. "बघ, कानाए," वडील म्हणाले, "सरकारला दिसते गाडी. तुलाच दिसत नाही." मग त्यांनी, वृद्ध चालक गाडीच्या मागे लावतात ते चार रंगीत पानांचे चिन्ह खुर्चीच्या पाठीला लावले.

श्री. निशिवाकी पाहणीस आले तेव्हा चाके नाहीत, इंजिन नाही, हे मी दाखवून दिले. "अहो बाई, चाकं आणि इंजिन नसणं हीच तर बेवारस गाडीची खूण," असे ते म्हणाले. नंतर वडिलांकडे वळून त्यांनी विचारले, "आजोबा, जरा पुढे घेऊन दाखवता का?"

"हँडब्रेक लावलाय," वडील म्हणाले आणि त्यांनी हॉर्न वाजवला. निरीक्षक बाजूला सरकले व त्यांनी तशी नोंद केली.

ही खुर्चीच आहे हे दाखवण्यासाठी मी वाळूच्या पोत्यांनी भारचाचणी करून आलेख सादर केला. ती दोन प्रौढांचे वजन सहज पेलते. आपल्या कार्यालयाने अचूकतेबद्दल माझे अभिनंदन केले आणि खुर्चीची नोंद 'दोन आसनी वाहन' अशी केली. आता ताज्या पत्रात आपण कळवता की, चाके नसल्याने ती ओढून नेता येत नाही. सबब परवानाधारक चालकाने ती स्वतः चालवत कार्यालयात आणावी. वडिलांनी हे पत्र मोठ्याने वाचले. मग टोफू पोचवतानाचे पांढरे हातमोजे धुऊन वाळत घातले.

तरी सदर वस्तू खुर्ची आहे, एवढे एका ओळीत लिहून द्यावे. त्या ओळीवर आमच्या गल्लीतल्या माणसांचे जीव अवलंबून आहेत. न्हाव्याने तर आपले उत्तर येईपर्यंत नवी काच बसवणे थांबवले आहे.

आपल्या एका ओळीच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
शिओमी कानाए
मिनोहारा, ११ नोव्हेंबर, रेइवा ६ (सन २०२४)

सोबत : व्हॅन मोडीत काढल्याचा दाखला, भारचाचणीचा आलेख, खुर्चीचे छायाचित्र (वडील त्यातून उठायला तयार नसल्याने त्यांच्यासह).

ता. क. : पाकीट बंद करण्यापूर्वी पुढील बाब नोंदवणे मला आवश्यक वाटते. आज दुपारी वडील हातमोजे घालून खुर्चीत बसले होते. ओगुनीकाकू मुळ्याचे लोणचे घेऊन गल्लीतून आल्या आणि आरशाच्या बरोबर समोर उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काय टोफूवाले, आज कुणीकडे दौरा?"

वडील एवढे दचकले की हॉर्न वाजला. "कुठून उगवलीस गं तू?"

"आरशातून! कधीची हात हलवतेय."

वडिलांनी मला आरसा तपासायला सांगितला. मी कोनमापक लावला. कोन बरोबर होता, तसे मी सांगितले.

"उन्हाने दिपलं असेल हो," काकू म्हणाल्या.

"ऊन पायांवर आहे, डोळ्यांत नाही," वडील म्हणाले.

त्यांनी एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. सूचनेचा कोपरा उचलला गेला होता, तो त्यांनी दाबला नाही. स्टिअरिंग धरून ते उठले आणि काकूंना त्यांच्या ट्रकची किल्ली परत देत म्हणाले, "उभ्या गाडीतूनसुद्धा मला ही दिसली नाही. उद्या बसनं पोलीस ठाण्यात जाऊ, कानाए. परवाना परत करतो मी."